टॅमनी हॉल, ट्वीड आणि नास्टची रेघ

न्यूयॉर्कच्या न्यायालयाच्या इमारतीसाठी आधी अडीच लाख डॉलर मंजूर झाले होते. खर्च एक कोटीच्या वर गेला. एका गिलावेवाल्याच्या नावावर दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर लागले. या पैशाचा मोठा वाटा डेमोक्रॅटिक पक्षाच्या ‘टॅमनी हॉल’ या संघटनेचा म्होरक्या विल्यम ट्वीड आणि त्याच्या टोळक्याकडे वळत होता.

जुलै १८७१मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हे हिशेबच छापले. पण ट्वीडच्या मतदारांत गरीब स्थलांतरित पुष्कळ, त्यातल्या कितीतरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत आकडे पोचणार कसे? ते काम लहानपणी जर्मनीतून आलेल्या व्यंगचित्रकार थॉमस नास्टनं ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात केलं. १९ ऑगस्टच्या अंकात त्यानं सगळ्या टोळक्याला गोल उभं केलं. लोकांचा पैसा कोणी चोरला, या प्रश्नावर जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय. ऑक्टोबरात ट्वीडचं अवाढव्य पोट आणि शर्टावरचा हिरा तसाच ठेवून डोक्याच्या जागी पैशाची थैली काढली, तिच्यावर डॉलरचं चिन्ह हेच नाकडोळे. मला हे चित्र त्याच्या सगळ्या कामात सरस वाटतं. त्याला मथळ्याचीही गरज नाही. ‘माझ्या लोकांना वाचता येत नाही, पण चित्रं दिसतात ना!’ असं ट्वीड चरफडून म्हणाल्याचं सांगतात.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत टॅमनीचा धुव्वा उडाला. ट्वीड स्वतः मात्र निवडून आला, हे विसरून चालणार नाही.

नास्टचं सगळंच डोक्यावर घेण्यासारखं नाही. आयरिश कॅथलिक स्थलांतरितांना त्यानं माकडतोंडी रंगवलं. ज्यांच्या शहराची लूट तो उघडी पाडत होता, त्यांनाच त्यानं हिणवलं, याची खंत वाटते.

१८७३मध्ये ट्वीड दोषी ठरला. १८७५च्या डिसेंबरात तो कैदेतून निसटून क्यूबामार्गे स्पेनला पळाला. विगो बंदरात त्याला ओळखलं गेलं ते नास्टच्याच एका चित्रावरून. त्यात कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतल्या ट्वीडनं दोन पोरांना धरलेलं होतं. स्पॅनिश अधिकाऱ्यांना तो मुलं पळवणारा वाटला, असं म्हणतात. त्याला परत आणलं. १२ एप्रिल १८७८ला न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीट तुरुंगात तो वारला.