सभासद यादीचे रूपांतर : 'मिलर' वापरणाऱ्या संस्थांसाठी माहितीपत्रक

आमची लेखाप्रणाली वापरणाऱ्या पतसंस्था आणि विकास सोसायट्या यांच्याकडे सभासदांची यादी बहुधा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलच्या स्वरूपात असते, आणि प्रणालीत भरण्यासाठी ती जेसन (प्रत्येक मूल्यासोबत त्याच्या रकान्याचे नाव लिहिणाऱ्या) स्वरूपात आणावी लागते. हे काम संस्थेच्या स्वतःच्या संगणकावरच व्हावे, सभासदांची नावे आणि खाते क्रमांक कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवण्याची वेळ येऊ नये, यासाठी आम्ही 'मिलर' हे साधन सुचवतो. जॉन केर्ल यांनी लिहिलेले हे मुक्तस्रोत साधन विनामूल्य असून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्रणालींवर चालते. त्यात बटणे किंवा मेनू नाहीत. कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे संगणकाला लेखी आदेश देण्याच्या खिडकीत, आदेश टंकावा लागतो. नेमके आदेश सोबतच्या मजकूर-फाइलमध्ये दिले आहेत. ते तसे का लिहिले आहेत, हे येथे सांगितले आहे.

सर्वांत महत्त्वाची विनंती अशी की, यादी मिलरकडे देण्यापूर्वी ती एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नये. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते. त्यामुळे ९१२३४५६७८९०१२३४५ हा नमुन्याचा सोळा अंकी खाते क्रमांक जतन केल्यावर शेवटचा ५ जाऊन तेथे ० येतो, आणि क्रमांक पुढे कितीही तपासला तरी मूळ अंक परत मिळवता येत नाही. सुरुवातीची शून्ये गळतात, तर गट क्रमांकाच्या रकान्यातील १२/३ ही नोंद १२ मार्च ही तारीख होऊन बसते. यादी नुसती पाहायची असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडावी किंवा मिलरच्याच आदेशाने पहिल्या दहा नोंदी पडद्यावर घ्याव्यात.

मिलर अशी कापाकापी करत नाही. ज्या मूल्याला आपण हात लावलेला नाही, ते ते जसेच्या तसे पुढे देते. तरीही जेसनमध्ये लिहिताना संख्येसारखे दिसणारे मूल्य ते अवतरणचिन्हांशिवाय लिहिते, आणि ती फाइल वाचणारी पुढची प्रणाली त्याला संख्या समजते. अनेक प्रणाली संख्या ज्या पद्धतीने साठवतात, तिच्यात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक राहत नाही. वरचाच क्रमांक अशा ठिकाणी शेवटी ५ ऐवजी ४ घेऊन येतो. एका अंकाचा हा फरक डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण लाभांशाची रक्कम त्यामुळे परत येऊ शकते किंवा भलत्याच खात्यात जाऊ शकते. म्हणून आमच्या आदेशात प्रत्येक मूल्य अवतरणचिन्हांत लिहिण्याचा पर्याय मुद्दाम घातला आहे. आदेश लांबलचक वाटला तरी तो पर्याय कृपया काढू नये. खाते क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच जपला पाहिजे.

पत्त्यातील स्वल्पविराम ही दुसरी नेहमीची अडचण आहे. सीएसव्हीत स्वल्पविरामानेच रकाने वेगळे होतात, त्यामुळे स्वल्पविराम असलेला पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत असावा लागतो. सीएसव्ही स्वरूपाचे वर्णन करणाऱ्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजातही हाच नियम आहे. तसे नसेल, तर 'मु. पो.' पुढचा भाग शेजारच्या रकान्यात सरकतो, ओळीतील रकान्यांची संख्या शीर्षकांपेक्षा वाढते आणि मिलर चूक दाखवून थांबते. हे थांबणे हिताचे आहे. कमी-जास्त रकाने चालवून घेण्याचा पर्याय मिलरमध्ये आहे, परंतु सभासद यादीसाठी तो वापरू नये. ती ओळ शोधून पत्ता दुरुस्त करावा आणि आदेश पुन्हा चालवावा.

निकाल नेहमी नव्या नावाच्या फाइलमध्ये घ्यावा. निकाल फाइलमध्ये पाठवणाऱ्या 'पेक्षा मोठे' (>) या चिन्हापुढे मूळ फाइलचेच नाव लिहिले, तर मिलरने वाचायला सुरुवात करण्याआधीच कमांड प्रॉम्प्ट ती फाइल रिकामी करते. मूळ फाइलमध्येच बदल करण्याचा वेगळा पर्याय मिलर देते, पण तोही आधी प्रत काढून ठेवल्याशिवाय वापरू नये, असे आमचे मत आहे. आदेश पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आदेश-खिडकीत न देता कमांड प्रॉम्प्टमध्येच द्यावा, कारण विंडोजसोबत येणारी पॉवरशेलची ५.१ ही आवृत्ती निकाल यूटीएफ-८ ऐवजी यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरे साठवण्याच्या वेगळ्या पद्धतीत) लिहिते आणि देवनागरी नावे वाटेत बिघडू शकतात.

रकान्याचे नाव बदलणे, नको असलेले रकाने वगळणे, गावानुसार क्रम लावणे या गोष्टी एकेका शब्दाच्या आदेशाने होतात. शीर्षके मराठीत असली तरी चालतात. फक्त 'खाते क्रमांक' यासारख्या दोन शब्दांच्या शीर्षकावर सूत्र लिहिताना डॉलरच्या चिन्हानंतर ते शीर्षक महिरपी कंसात घालावे लागते. रूपांतर झाल्यावर दोन्ही फाइलींतील नोंदी मिलरच्याच मोजणीच्या आदेशाने मोजून आकडे जुळतात का, ते पाहावे. नोटपॅडमधील ओळी मोजू नयेत, कारण एखादा पत्ता दोन ओळींचा असू शकतो.

युनिकोडपूर्वीच्या फाँटात टंकलेली जुनी नावे मिलर सुधारू शकत नाही. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात. एक्सएमएल फाइलही मिलर वाचत नाही. अशा दोन्ही प्रकारच्या फाइली कशातही न उघडता, जशा मिळाल्या तशाच आमच्याकडे द्याव्यात. त्यांचे रूपांतर आम्ही करून देऊ.