झाडाखालचे पाणी

बगळे, पाणकावळे, करकोचे, शराटी एकत्र वीण करतात त्या सारंगागारात आपली नजर आधी झाडांच्या शेंड्यांवर जाते. पक्ष्यांना मात्र आधी बुंधा बघावा लागतो. बुंधा पाण्यात असेल तर अंडी-पिल्ले खाणारे चौपायी प्राणी सहसा वर पोचत नाहीत. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये तर या पाण्यात ॲलिगेटर (मगरीचे भाऊबंद) असतात आणि रॅकून हे झाडावर चढणारे छोटे सस्तन प्राणी तिथे पोहत यायला धजत नाहीत. घरट्यातून पडलेले पिल्लू ॲलिगेटर गिळतो, तरी पक्ष्यांना हा पहारेकरी परवडतो. रॅकून एकदा झाडावर चढला की घरट्यांमागून घरटी रिकामी करतो.

खरी अडचण पुढेच आहे. घरट्याखालचे पाणी टिकायला हवे, पण चरण्याच्या जागेवरचे ओसरायला हवे. अमेरिकेतला वुड स्टॉर्क हा करकोचा अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात बुडवून चालतो. चोचीला मासा लागला की ती सुमारे २५ मिलिसेकंदांत मिटते. अशा शिकारीत डोळ्यांवाचून भागते, पण मासे दाट लागतात, आणि ते दाट होतात पाणी आटून डबक्यांत कोंडले गेल्यावरच. ऐन विणीत अवेळी पाऊस होऊन पातळी चढली की मासे पांगतात आणि करकोचे अंडी-पिल्ले टाकून निघून जातात. पाणी फार लवकर आटले तर बुंध्याखालची जमीन उघडी पडते आणि रॅकूनला वाट मिळते. म्हणून नुसती झाडे राखून भागत नाही. आसपासच्या काही किलोमीटरांत कमी-अधिक खोलीच्या पाणथळी हव्यात, म्हणजे एक आटली तरी दुसरीत चारा उरतो.

झाडावरही जागेची वाटणी होते. मोठ्या पंखांचे राखी बगळे आणि करकोचे बहुधा शेंड्याकडे असतात, कारण त्यांना उतरायला मोकळी जागा लागते. लहान बगळे खाली, दाट फांद्यांत. दोन घरट्यांत अंतर किती, तर शेजाऱ्याची चोच पोचणार नाही इतके. नर काटक्या आणतो, मादी त्या बेचकीत खोचते. घरटे थोडा वेळ जरी सुने राहिले तरी शेजारी त्यातल्या काटक्या उपसून नेतात. वर्षानुवर्षे विष्ठा साचून मातीचा कस बिघडतो, झाडे वाळतात आणि वसाहतीला दुसरी जागा शोधावी लागते.

वाळूवर वीण करणाऱ्या सुरय (टर्न) पक्ष्यांना मात्र उघडी वाळू किंवा खडी लागते. गवत माजले की ते जागा सोडतात. बेट फार सखल असेल तर अंडी वाहून जातात.

जागा चांगली आहे याचा मोठा पुरावा म्हणजे तिथे आधीच असलेले पक्षी. अमेरिकेत मेन राज्यातल्या ईस्टर्न एग रॉक बेटावर पक्षीशास्त्रज्ञ स्टीफन क्रेस यांनी १९७८मध्ये सुरय पक्ष्यांच्या प्रतिकृती मांडल्या, ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, आणि १९८०मध्ये सुरय तिथे पुन्हा घरटी करू लागले.

विणीच्या सुरुवातीच्या दिवसांत माणूस वसाहतीत शिरला तर पक्षी जागाच सोडू शकतात. पुढे अंड्यांवरून पक्षी उठला की कावळे तुटून पडतात, आणि कोवळ्या पिल्लांना ऊन मारते. अंगावर पिसे आलेली पिल्ले घाबरून फांदीवर सरकतात आणि खाली पडतात. झाडांवरच्या वसाहतीपासून निदान १०० मीटर आणि वाळूवरच्या वसाहतीपासून १८० मीटर दूर थांबा, आणि घरटी दुर्बिणीतूनच मोजा.