पलटणीचा आकडा आणि चकमकीची साक्ष

इंग्रजांच्या पायदळाची जुनी चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक समोर आली की नजर आधी नळीच्या वरच्या बाजूला जाते. तिथे पलटणीचा क्रमांक कोरलेला असला, तर बंदुकीचा भाव वाढतो आणि तिच्याबद्दलच्या कथाही वाढतात. पण त्या एकट्या आकड्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

७६ हाच क्रमांक घ्या. ७६वी पलटण १७७७ साली स्कॉटलंडमध्ये उभी राहिली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांकडून लढली, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेल्या फौजेत होती आणि १७८४ साली मोडली गेली. पुढे १७८७ मध्ये हिंदुस्थानातल्या कामगिरीसाठी एक नवी पलटण उभारली, तिलाही क्रमांक मिळाला ७६. ही पलटण १८०३ मध्ये जनरल लेकच्या हाताखाली अलीगड, दिल्ली आणि लासवारी इथे शिंद्यांच्या कवायती फौजेशी लढली. दोन्ही पलटणींचा आपसात काही संबंध नाही. मग नळीवरचा ७६ कोणत्या पलटणीचा?

याचं उत्तर बंदुकीच्या बाकीच्या भागांत शोधावं लागतं. नळी ४६ इंचांची असेल तर नमुना जुना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. ४२ इंची नळी १७६८च्या सुमारास आली. ३९ इंची नळीची बंदूक मुळात ईस्ट इंडिया कंपनीची. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा त्याने कंपनीचा साठा घेतला आणि पुढे तोच नमुना स्वीकारला. चापाच्या यंत्रावर कारागिराचं नाव आणि साल असेल, तर ते यंत्र साधारण १७६४ पूर्वीचं, कारण त्यानंतर ती प्रथा बंद झाली. आकड्याऐवजी कर्नलचं नाव कोरलेलं असेल तर काळ आणखी मागे जातो. पलटणींना अधिकृत क्रमांक मिळाले ते १७५१ मध्ये.

गारगोटी धरणारा घोडाही बोलका असतो. सुरुवातीला त्याची मान बारीक आणि वळणदार होती. प्रत्येक बाराला बसणारा हादरा त्या अरुंद जागी एकवटे आणि मान मोडे. १८०९ पासून तिथे कडी असलेली जाड मान आली, त्यामुळे ताण दोन बाजूंना वाटला गेला. असा घोडा मूळचाच असेल, तर ती ७६ची बंदूक यॉर्कटाउनला असणं शक्य नाही.

बंदूक खरोखर किती चालली, हे मात्र रसायन सांगतं. चाप ओढला की गारगोटी पोलादी झडपेवर घासत खाली येते. ठिणगी गारगोटीची असते असा समज आहे, पण जळतं ते लोखंड. कडक गारगोटी पोलादाचे बारीक कण खरवडते, घर्षणाने ते तापतात आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पेट घेतात. ते रंजकदाणीत पडतात, तिथली रंजक म्हणजे पेटवणीची दारू भडकते, ज्वाला कानातून, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून, नळीत शिरते आणि मुख्य दारू पेटते. दर बाराला झडपेचं थोडं पोलाद जातं. म्हणून चाललेल्या बंदुकीच्या झडपेवर उभे खोल चरे दिसतात, कधी तिच्या तोंडावर नवी पोलादी पट्टी चढवलेली असते. लढाया पाहिलेल्या म्हणवणाऱ्या बंदुकीची झडप गुळगुळीत असेल, तर शंका घ्यावी.

कानाभोवतीचा भागही पाहावा. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या दारूतलं निम्म्याहून जास्त वस्तुमान जळल्यावरही घनरूपच राहतं, मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड कुरतडतात. कानाजवळचे खड्डे म्हणजे झाडलेल्या बारांची नोंद. याच राखेमुळे गोळी नळीपेक्षा लहान ठेवावी लागे: नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, गोळीचा साडेसतरा. ती नळीत आपटत जाई आणि शेवटी जिथे घासली त्यानुसार भलतीच गिरकी घेऊन बाहेर पडे. अशी फिरणारी गोळी हवेत वळते, हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकातच प्रयोगांनी दाखवलं. एकट्या शिपायाचा नेम बेभरवशाचा, म्हणून रांगेने एकदम बार काढायची कवायत.

शेवटी चकमक हरली ती स्फोटक टोपीपुढे, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीपुढे. १८३४ मध्ये लंडनजवळच्या वुलिचला झालेल्या चाचणीत दोन्ही प्रकारांचे प्रत्येकी ६,००० बार काढले, त्यात चकमकीचे ९२२ पेटलेच नाहीत, टोपीचे ३६. मग जुन्या बंदुकांना टोपीची यंत्रं बसवली गेली. आज त्यांतल्या काही भाव यावा म्हणून पुन्हा चकमकीच्या केल्या जातात. यंत्राच्या पत्र्यावर बुजवलेली भोकं आणि कानाजवळ भरलेला धातू दिसला, की हा प्रकार ओळखावा.

आणि कृपा करून अशी बंदूक घासूनपुसून चकचकीत करू नये. ठोकून उमटवलेल्या शिक्क्याखालचा धातू खोलवर दाबला जातो, त्यामुळे शिक्का झिजला तरी आम्लाच्या साहाय्याने तो पुन्हा दिसू शकतो. गुन्हे अन्वेषणात खोडलेले क्रमांक असेच वाचतात. पलटणीची खूण मात्र बहुधा कोरलेली असते. कोरताना धातू निघून जातो, खालचा थर फारसा दबत नाही. शिपायांनी नळ्या विटेच्या भुकटीने लखलखीत ठेवताना त्या खुणा आधीच पुसट केल्या आहेत. उरलेल्या रेषा आज पॉलिशने गेल्या, तर त्या वाचायला खाली काही शिल्लक राहत नाही.