टक्के वेगळे, पर्सेंटाइल वेगळं

निकालाच्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न असतो: "किती पडले?" उत्तर येतं, "ब्याण्णव." पण बारावीचे ब्याण्णव आणि राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे ब्याण्णव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पर्सेंट आणि पर्सेंटाइल हे शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे लागतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरला जातो. क्लासच्या फलकांवरही पर्सेंटाइलच्या आकड्यापुढे बिनदिक्कत टक्क्याचं चिन्ह असतं. या घोटाळ्यात मुलांचे प्रवेशाचे निर्णय चुकतात, म्हणून तो मला खटकतो.

पर्सेंट म्हणजे आपले नेहमीचे टक्के. पेपर 200 गुणांचा, मिळाले 120, म्हणजे 60 टक्के. शेजारच्या बाकावरच्याला किती पडले याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अख्ख्या वर्गाला 60 टक्के पडू शकतात.

पर्सेंटाइल गुण सांगतच नाही, ते जागा सांगतं. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांमध्ये किती जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढंच. समजा एका सत्रात, म्हणजे परीक्षेच्या एका पाळीत, 20,000 मुलं बसली आणि त्यातल्या 18,400 जणांना 120 किंवा त्याहून कमी गुण आहेत. मग 120 गुणवाल्याचं पर्सेंटाइल झालं 92. टक्के मात्र साठच. दुसऱ्या सत्रात पेपर कठीण निघाला आणि 120 च्या वर फारच थोडे गेले, तर तेच 120 गुण 95 पर्सेंटाइलवर जाऊन बसतील. ही पद्धत त्यासाठीच आहे. सीईटी (पूर्ण नाव एमएचटी-सीईटी) 2019 पासून ऑनलाइन आणि अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. नुसते गुण शेजारी ठेवले असते तर कठीण पेपर वाट्याला आलेल्यांवर अन्याय झाला असता. सत्रात जो पहिला येतो त्याला 100 पर्सेंटाइल मिळतं, पैकीच्या पैकी गुण नसले तरी.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये हा गोंधळ आणखी महागात पडतो. खुल्या प्रवर्गातून पात्र ठरायला 50 पर्सेंटाइल लागतं. ते ऐकून लोक 720 चे निम्मे 360 असा हिशेब मांडतात. प्रत्यक्षात 2022 साली ही रेषा 117 गुणांवर होती, म्हणजे 16 टक्क्यांच्या जरा वर. उलट बाजूने, पात्र झालो म्हणजे प्रवेश मिळाला असंही नाही. सरकारी महाविद्यालयातली जागा त्याहून कितीतरी वर असते. आणि सप्टेंबर 2023 मध्ये पदव्युत्तर नीटची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, तेव्हा "शून्य मार्कवाला डॉक्टर होणार" अशी ओरड झाली. शून्य पर्सेंटाइल म्हणजे शून्य गुण नव्हेत. त्याचा अर्थ असा की परीक्षा दिलेला प्रत्येक जण समुपदेशनाला, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्यांना, पात्र. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे त्या वर्षी तळाचा गुणांक शून्याच्याही खाली, उणे 40 होता. त्या निर्णयावर टीका जरूर करावी, मीही करेन, पण आधी आकडा कशाचा आहे ते कळायला हवं.

आणखी एक चूक हमखास होते. भौतिकशास्त्र 99, रसायन 90, गणित 95, म्हणून एकूण साधारण 94.67, अशी सरासरी घरी काढली जाते आणि निकालपत्रावर वेगळाच आकडा पाहून "निकालात चूक आहे" म्हणून धावपळ सुरू होते. टक्क्यांची अशी सरासरी चालते, तीही प्रत्येक विषयाचे कमाल गुण सारखे असतील तर. पर्सेंटाइलची चालत नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून, त्या सत्रातल्या सगळ्यांच्या रांगेत, नव्याने काढलं जातं.

मधल्या पट्टीत मुलांची गर्दी दाट असते, तिथे दोन-चार गुणांनी पर्सेंटाइल भराभर चढतं. टोकाला 99 वरून 99.5 वर जायला मात्र बरेच गुण लागतात. तीन लाख मुलं असतील तर त्या अर्ध्या अंकात दीड हजार जण उभे असतात. निकालात सात दशांश स्थळं का देतात ते यावरून लक्षात यावं.

(बाळाच्या वाढीच्या तक्त्यावरही हाच शब्द आहे. वजन 25 पर्सेंटाइलवर म्हणजे बाळ नापास नव्हे. त्या वयाच्या शंभरातली पंचवीसेक बाळं त्याच्याइतकी किंवा त्याहून हलकी असतात, एवढंच. बालरोगतज्ज्ञ एका आकड्यापेक्षा वाढीची रेषा कशी जाते ते पाहतात.)

अभियांत्रिकीच्या प्रवेशात दोन्ही शब्द एकाच वेळी लागतात. पात्रतेसाठी बारावीला पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायन, गणित) किमान 45 टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40. गुणवत्ता यादी मात्र पर्सेंटाइलवर. गेल्या वर्षीचा कटऑफ पाहताना गुणवत्ता क्रमांकाशेजारी कंसात छापलेला आकडा पर्सेंटाइलचा असतो, त्याची तुलना बारावीच्या टक्क्यांशी करू नका. अखिल भारतीय कोट्याच्या जागा जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर भरतात, तेव्हा तिथलं 92 आणि सीईटीचं 92 हेही एकमेकांसमोर ठेवता येत नाही, कारण दोन्हीकडची रांग वेगळी. पसंतीक्रम भरायला बसाल तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे परीक्षेचं नाव आणि "टक्के" की "पर्सेंटाइल" हे पूर्ण लिहा, आणि मग महाविद्यालयांची यादी लावा.