युद्धात बंदी, शिकारीत सक्ती : एल्कच्या गोळीची पार्श्वभूमी

एल्कच्या शिकारीसाठी कोलोरॅडो राज्याच्या अटी नेमक्या आहेत. रायफल किमान .24 कॅलिबरची म्हणजे नळीचा व्यास 0.24 इंच, गोळी निदान 85 ग्रेनची म्हणजे साडेपाच ग्रॅमची, 100 यार्डांवर तिच्यात 1,000 फूट-पाउंड जोर शिल्लक. आणि गोळी लागल्यावर पसरणारी हवी. ही शेवटची अट वाचून थबकायला होतं, कारण 1899 च्या हेग जाहीरनाम्याने नेमकी अशीच गोळी युद्धातून हद्दपार केली होती.

एल्क म्हणजे अमेरिकेतलं वापिती हरीण. (युरोपात मूसला एल्क म्हणतात, जुनी शिकारवर्णनं वाचताना हा घोळ हमखास होतो.) आपल्या सांबराहूनही थोराड, रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या घरात जातो. एवढ्या जनावराच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचणं आणि तिथे मोठी जखम करणं, ही दोन्ही कामं एकाच गोळीकडून हवी असतात. पंचाईत अशी, की पसरणारी गोळी लवकर थांबते आणि खोल जाणारी पसरत नाही.

अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने 1805-06 च्या हिवाळ्यात पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या फोर्ट क्लॅटसॉपला 131 एल्क मारले, ते गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुकांतून उडवलेल्या शिशाच्या गोल गोळ्यांनी. 1873 च्या .45-70 काडतुसातही साधं शिसंच होतं, 405 ग्रेन. वेग बेताचा, गोळी जाडजूड; शिसं मऊ असलं तरी निभून जायचं.

1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि गणित बिघडलं. गोळीचा वेग इतका वाढला की नळीच्या आट्यांत उघडं शिसं टिकेना, म्हणून त्यावर कठीण धातूचं कवच आलं. पण पूर्ण कवचाची गोळी सुईसारखी आरपार जाई. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या 1895 च्या चित्राल मोहिमेनंतर ब्रिटिश फौजेची हीच तक्रार होती. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचं शिसं उघडं ठेवलं. पोकळ टोकाच्या गोळ्या शिकाऱ्यांना आधीच ठाऊक होत्या, पण नाव चिकटलं ते दमदमचं. हेगला बंदी आली ती युद्धापुरती. शिकारीत हीच गोळी दयेची मानली गेली, कारण जनावर लवकर मरतं.

पुढे वेग आणखी वाढला आणि दुखणं उलटलं. 1946 साली ब्रिटिश कोलंबियात अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांनी एका मूसवर गोळ्या झाडल्या. त्याच्या अंगावर चिखल वाळून पापुद्रा झालेला. गोळ्या वरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. घरी जाऊन त्यांनी मध्ये तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचं शिसं पसरतं, भिंतीमागचं अखंड राहून आत घुसतं. 1948 मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. 1962-63 मध्ये आलेल्या मॅग्नम (जादा दारूच्या, जास्त वेगाच्या) काडतुसांचा गाजावाजा मोठा झाला, पण माझ्या मते एल्कच्या शिकारीला खरा हातभार या आडभिंतीने लावला.

कॅलिबरचं भांडण मात्र मिटलं नाही. शिकारीवर लिहिणाऱ्या दोन अमेरिकी लेखकांपैकी जॅक ओ'कॉनर .270 या बारीक, वेगवान गोळीच्या बाजूने, एल्मर कीथ जाड आणि जड गोळीच्या. दोघांच्या चाहत्यांनी कित्येक वर्षं मासिकांची पानं भरली. नेमाची जागा कोणतंही काडतूस बदलत नाही. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं आणि छातीच्या खालच्या रेषेपासून एक-तृतीयांश उंचीवर थांबायचं. तिथे फुप्फुसं, जरा खाली हृदय. वीतभर मागे चूक झाली की गोळी पोटात, आणि एल्क डोंगर ओलांडून जातो. नेम बरोबर बसला तरी तो लगेच कोसळेल असं नाही. म्हणून अर्धा तास जागचं हलू नये, असं जुने लोक सांगत आले.

अलीकडचं वळण गिधाडांमुळे आलं. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांत शिशाचे कण राहतात आणि ते खाऊन कॅलिफोर्नियाचे काँडोर मरू लागले. 1982 मध्ये जगात जेमतेम 22 उरले होते. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये कायदा केला आणि 1 जुलै 2019 पासून राज्यभर शिकारीत शिशाच्या गोळीला मनाई झाली. आता तिथे संपूर्ण तांब्याची गोळी चालते. ती फुटत नाही, खोल जाते. पण तांबं शिशाइतकं मऊ नाही; लांबच्या पल्ल्यावर वेग उतरला की ती नीट उघडतच नाही आणि सुईसारखी आरपार जाते. चित्रालची तक्रार, सव्वाशे वर्षांनी, रॉकीच्या उतारावर.