'गुंगीत आहे' म्हणजे नेमकं किती? न्यूरोसर्जनांच्या संघटनांचं न दिसणारं काम

मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं आहे. फोनवर सांगितलं जातं, ‘पेशंट गुंगीत आहे.’ हाकेसरशी डोळे उघडणारा रुग्णही गुंगीतच आणि चिमटा काढल्यावर जेमतेम हात हलवणाराही गुंगीतच. अशा रक्तस्रावाची तीव्रता ठरवणारी १९६८ सालची हंट-हेस श्रेणी अशाच वर्णनांवर उभी होती. त्यामुळे एकाच रुग्णाला दोन डॉक्टर वेगवेगळी श्रेणी देत, आणि दोन रुग्णालयांच्या निकालांची तुलना करणं कठीण होई.

१९५५ साली स्थापन झालेल्या न्यूरोसर्जनांच्या जागतिक महासंघाने यासाठी समिती नेमली. १९८८ साली तिने वर्णनांऐवजी ग्लासगो कोमा स्केलचे, म्हणजे रुग्ण किती शुद्धीत आहे हे मोजणाऱ्या पट्टीचे, गुण आधाराला घेतले. डोळे उघडण्याला कमाल ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. बेरीज ३ ते १५. पूर्ण १५ गुण आणि हातापायांत कमजोरी नाही, तर पहिली श्रेणी. १३-१४ गुणांना कमजोरी नसेल तर दुसरी, असेल तर तिसरी. ७ ते १२ गुणांना चौथी, ३ ते ६ ला पाचवी, म्हणजे सर्वांत गंभीर.

यातही चुका होतात. श्वासनळीत नळी असलेला रुग्ण बोलू शकत नाही, झोपेच्या औषधाने गुण घसरतात. मेंदूत पाणी साचलं असेल तर ते काढल्यावर तोच रुग्ण बराच शुद्धीवर येऊ शकतो. म्हणून गुण कधी मोजले याचीही नोंद हवी. शिवाय चौथी श्रेणी फारच रुंद आहे: ७ आणि १२ गुणांचे रुग्ण एकाच खान्यात बसवणं पटत नाही.

संघटनांचं दुसरं मोठं काम म्हणजे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवण्यातला सहभाग. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने उतरते, म्हणून डोक्याला मार लागल्यावरही ती सर्रास दिली जात. २००४ साली सुमारे दहा हजार जखमींवरच्या चाचणीचे निकाल आले: दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी शंभरी २१ दगावले, न दिलेल्यांपैकी १८. डोक्याच्या गंभीर दुखापतीत जास्त मात्रेची स्टेरॉइड देऊ नयेत, असं ही तत्त्वं आता स्पष्ट सांगतात. गाठीच्या रुग्णाला मात्र ती आजही द्यावी लागतात.

ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. एखाद्या रुग्णासाठी डॉक्टर वेगळी वाट धरू शकतात, पण त्यामागचं कारण केसपेपरवर लिहिलेलं असावं, आणि नातेवाइकांनी ते जरूर विचारावं.