उन्हाळ्यात छोट्या मोटारबोटीने कोकण किनारा: धरणावर बोट चालवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

गिरणा धरण, हतनूर आणि नवापूरकडच्या उकाईच्या फुगवट्यावर चालणाऱ्या बोटींची इंजिने आमच्या जळगावच्या कार्यशाळेत दुरुस्तीला येतात. त्या निमित्ताने दरवर्षी चैत्र लागला की काही ग्राहक विचारतात की, हीच बोट ट्रेलरवर घालून कोकणात नेता येईल का आणि मुलाबाळांसह चार दिवस किनाऱ्याने फिरता येईल का. अठरा ते वीस फुटांची मजबूत फायबर बोट आणि ४० अश्वशक्तीचे निरोगी आउटबोर्ड इंजिन असेल, तर योग्य दिवस निवडून हा प्रवास नक्की करता येतो. मात्र धरणाचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते, समुद्राचे तसे नसते, आणि धरणावर वर्षानुवर्षे बोट चालवलेल्या माणसाची चूक बहुधा याच ठिकाणी होते. म्हणून आखणीची सुरुवात नकाशापासून न करता पंचांगापासून करावी, असे आमचे सांगणे आहे.

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. हा ढोबळ हिशेब आहे. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी फार चढते आणि फार उतरते. मुंबईजवळ हा फरक चार मीटरच्या वर, घराच्या एका मजल्याहून जास्त होतो, आणि दक्षिणेकडे तो कमी होत जातो. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाण्याची हालचाल सौम्य असते.

आपल्याकडे सुट्टीचा बेत आखाजीला धरून होतो. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि सगळे घर एकत्र असते. परंतु आखाजी ही वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अमावास्येनंतरचा तिसराच दिवस, आणि त्या दिवशी उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो. सण घरी साजरा करून चार-पाच दिवसांनी निघावे आणि पाण्यावरचे दिवस अष्टमी ते एकादशी असे धरावेत. त्या दिवसांत पहाटे सहा ते सव्वाआठच्या दरम्यान भरती पूर्ण होते, खाडीच्या तोंडाशी भरपूर पाणी असते आणि लगेच सुरू होणारी ओहोटी बोटीला समुद्राकडे नेण्यास मदत करते. ज्या वर्षी आखाजी मे महिन्यात पुढे सरकते, त्या वर्षी मात्र हा बेत सोडून द्यावा. आम्ही १० मेनंतर कोणत्याही कुटुंबाला समुद्रावर जाण्याचा सल्ला देत नाही. २०२१ मधील तौक्ते वादळ मेच्या मध्यावर याच किनाऱ्यासमोरून गेले आणि २०२० मधील निसर्ग वादळ ३ जूनला रायगड किनाऱ्यावर धडकले, हे आपल्याला आठवत असेलच.

दिवसभरातील वेळेचा नियम सोपा आहे. एप्रिलमध्ये पहाटे जमिनीकडून हलका मतलई वारा असतो आणि समुद्र बहुधा शांत असतो. ऊन चढले की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडत असताना समोरून हा वारा आला, तर खाडीच्या तोंडाशी लाटा उंच आणि जवळजवळ उभ्या होतात, आणि तिथेच वाळूचा उथळ पट्टा असेल तर लहान बोट आडवी होऊ शकते. म्हणून शक्यतो साडेदहापर्यंत आणि कोणत्याही परिस्थितीत अकराच्या आत पुढच्या मुक्कामी पोहोचावे. उरलेला दिवस किल्ला पाहण्यात आणि विश्रांतीत घालवावा.

पहिल्या प्रवासासाठी आम्ही मांडवा ते मालवण असा सबंध किनारा सुचवत नाही. ते अंतर १६५ सागरी मैलांच्या आसपास आहे. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या राजपुरी खाडीतून निघून हर्णै, दाभोळ आणि जयगड असा प्रवास पुरेसा आहे. राजपुरी ते हर्णै सुमारे २८, हर्णै ते दाभोळ १४ आणि दाभोळ ते जयगड १७ सागरी मैल होतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. पहिला टप्पा सर्वांत लांब असला तरी वाटेत श्रीवर्धन आणि सावित्रीच्या मुखाशी बाणकोट येते, त्यामुळे मन साशंक झाले तर आत वळता येते. हर्णैला सुवर्णदुर्गासमोरचा भाग समुद्राकडे बराच उघडा आहे. तिथे रात्री बोट कुठे ठेवावी, हे स्थानिक मच्छीमारांना विचारूनच ठरवावे. रायगडच्या किनाऱ्यासमोर जाळ्यांच्या खुंटांवर आणि बोयांवर नजर ठेवणारा एक माणूस नेहमी पुढे बसवावा, कारण बोट ढकलणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर अडकला की उत्तम इंजिनही निरुपयोगी होते.

आता इंजिनाविषयी थोडे विस्ताराने. धरणाच्या गाळमिश्रित पाण्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी पंखा झिजतो. आमच्या टेबलावर येणाऱ्या अशा पंख्याच्या पात्यांची टोके एका बाजूला वाकून कडक झालेली असतात आणि नखाने दाबली तर मुळाशी बारीक चीर दिसते. धरणावर असे इंजिन तापले तर वल्ही मारत काठाला येता येते, समुद्रात ती सोय नाही; त्यामुळे निघण्यापूर्वी हा पंखा नवा बसवावा आणि प्रवासात मागून पडणारी पाण्याची धार वारंवार पाहावी. दुसरी बाब गंजरोधक धातूच्या तुकड्याची. गोड्या पाण्यासाठी बसवलेला मॅग्नेशियमचा तुकडा खाऱ्या पाण्यात फार लवकर संपतो, म्हणून तो काढून जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा बसवावा लागतो. मुक्कामी पोहोचल्यावर रोज गोड्या पाण्याने इंजिन दहा-पंधरा मिनिटे आतून धुवावे, अन्यथा आत मिठाचे थर बसतात.

दोराची एक गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीतून शिकलेली आहे. पहिल्या सहलीत आम्ही सवयीप्रमाणे बोट धक्क्याला आखूड बांधली आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा पाणी उतरले होते, पुढचा दोर तारेसारखा ताणला गेला होता, बोटीचे नाक वर उचललेले होते आणि दोर बांधायची कडी फायबरमधून निम्मी उपसून आली होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ग्राहकाला लांब दोर सोबत देतो. नांगराचा दोर भरतीच्या वेळच्या खोलीच्या पाच ते सात पट असावा, म्हणजे सात मीटर पाण्यात किमान ३५ मीटर.

पेट्रोलच्या साठ्याचा एक तृतीयांश भाग हात न लावता राखून ठेवावा. ४० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात तासाला १५ लिटरच्या आसपास पेट्रोल घेते. पहिल्या टप्प्याला ३५ लिटर लागतील असे धरून ५५ लिटर सोबत ठेवावे. पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावरूनच आणावे लागेल असे गृहीत धरावे, त्यामुळे ट्रेलरची गाडी मुक्कामोमुक्काम पुढे असणे सोयीचे ठरते. पिण्याचे पाणी माणशी रोज पाच लिटर घ्यावे. चव्वेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या माणसांना तिथले चौतीस अंश किरकोळ वाटतात, परंतु दमट हवेत घाम वाळत नाही आणि माणूस नकळत थकतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस उत्तम टिकते. बोटीवर शेगडी पेटवू नये.

धरणावरची परवानगी समुद्रासाठी पुरेशी आहे असे समजू नये. बोटीची नोंदणी, चालकाचा परवाना आणि प्रवासाची परवानगी यांविषयी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आधी विचारणा करावी. प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत असावे आणि प्रत्येकाच्या अंगावर मापाचे जीवरक्षक जाकीट असावे. मुलांना मोठ्यांचे जाकीट चालत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान विभागाचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ बोटीत ठळकपणे लिहून ठेवावा.

बोट आणि ट्रेलर प्रवासाच्या तीन आठवडे आधी कार्यशाळेत आणावेत. इंजिनाच्या कामाला चार दिवस पुरतात, परंतु कसारा घाट उतरण्यापूर्वी ट्रेलरचे बेअरिंग आणि ब्रेक तपासणे आवश्यक असते, आणि दुरुस्तीनंतर बोट एकदा हतनूरला सलग तीन तास चालवून पाहिल्याशिवाय आम्ही ती समुद्रासाठी ताब्यात देत नाही.